टिपूचा वाघ : एका ऑर्गनची पाच घरे

स्मरणिका समितीने सर्वांकडून आठवणी मागवल्या आहेत. आठवणी लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आहेत. म्हणून समितीच्या परवानगीने मी इतिहासाचा एक जादा तास घेतो. विषय शाळेतलाच आहे. म्हैसूरची चार युद्धे आपण सनावळीसकट पाठ केली होती : पहिले १७६७ ते ६९, दुसरे १७८० ते ८४, तिसरे १७९० ते ९२ आणि चौथे १७९९. चौथ्या युद्धात टिपू सुलतान लढताना मारला गेला, श्रीरंगपट्टण पडले आणि आपला धडा संपला. पुढच्या तासाला तैनाती फौज सुरू झाली.

पडलेल्या त्या राजधानीच्या राजवाड्यात कंपनीच्या लोकांना एक चमत्कारिक वस्तू सापडली होती. आपल्या धड्यात तिच्याविषयी काही आल्याचे मला आठवत नाही. ती वस्तू म्हणजे एक छोटासा पाइप ऑर्गन. तो एका लाकडी वाघाच्या पोटात बसवलेला आहे. गेल्या सव्वादोनशे वर्षांत त्याने पाच घरे बदलली, एक महायुद्ध अंगावर घेतले, आणि आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गुरुजनांची आणि मित्रमैत्रिणींची हरकत नसेल तर त्याचीच हकिगत सांगतो.

वाघाच्या पोटातली पेटी

आधी वस्तू कशी आहे ते पाहू. एक युरोपियन माणूस जमिनीवर उताणा पडला आहे. अंगात लाल डगला, डोक्यावर टोपी. त्याच्या छातीवर वाघ चढला आहे आणि वाघाने त्याच्या मानेत दात रुतवले आहेत. सगळे काम लाकडात कोरलेले आणि वर रंगवलेले. लांबी सुमारे १७८ सेंटिमीटर, उंची सुमारे ७१ सेंटिमीटर. म्हणजे वाघ जवळजवळ खऱ्या आकाराचा आहे. कोरीवकाम आणि रंगकाम दक्षिणेतल्या कारागिरांच्या हातचे आहे, हे पाहताक्षणी कळते.

गंमत आत आहे. 'ऑर्गन' म्हटले की आपल्याला संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो, रंगमंचासमोर बसून पायांनी भाता मारत वाजवायचा. तो खरे तर हार्मोनियमचाच मोठा भाऊ. दोन्हींत सूर निघतो तो पितळी पत्तीतून. हवा पत्तीवरून गेली की पत्ती थरथरते आणि वाजते. पाइप ऑर्गनचे तसे नाही. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते. लांब नळीचा सूर खाली, आखूड नळीचा वर. पट्टी दाबली की तिला जोडलेली तार किंवा काडी आतली झडप उघडते, भात्यातली हवा त्या नळीत शिरते आणि नळी बासरीसारखी वाजते. बोट आणि झडप यांच्यामध्ये वीज नाही की दुसरे काही नाही, केवळ जोडकाम आहे. मोठ्या चर्चमध्ये हेच यंत्र भिंतभर असते. टिपूच्या कारागिरांनी ते वाघाच्या बरगड्यांत मावेल एवढे केले.

वाघाच्या कुशीला एक झडप आहे. ती उघडली की हस्तिदंती बटणांची एक ओळ दिसते. बटणे अठरा आहेत. आपल्या पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्यात नाहीत. प्रत्येक बटणामागे दोन नळ्या आहेत, म्हणजे दोन निरनिराळ्या आवाजांत वाजवायची सोय आहे. शिवाय बाजूला एक दांडा आहे. तो फिरवला की भाते चालू होतात. एका भात्याची हवा खाली पडलेल्या माणसाच्या गळ्यातल्या नळीतून तोंडाशी येते आणि तो कण्हतो. त्याच वेळी त्याचा डावा हात वर-खाली होतो. वाघाच्या डोक्यात निराळी रचना आहे. दांड्याचे काही फेरे झाले की तिच्यातून गुरगुरल्यासारखा आवाज येतो. एकाच दांड्यावर माणसाचे कण्हणे, वाघाचे गुरगुरणे आणि वर पुन्हा एखादी धून वाजवण्याची सोय, असा हा प्रकार आहे.

आपल्या प्रार्थनेला जी पेटी वाजायची, तिच्या घराण्याशी हा ऑर्गन ताडून पाहा. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये घेतले गेले ते १८४० च्या दशकात. तोवर हा वाघ लंडनला पोचून चाळीस वर्षे होत आली होती. पाइप ऑर्गन हिंदुस्थानला मात्र त्याआधीपासून माहीत होता. गोव्याच्या पोर्तुगीजांकडून हाजी हबीबुल्लाने अकबराच्या दरबारात एक ऑर्गन आणल्याची नोंद बदायुनीने केली आहे. सोळाव्या शतकातली ती गोष्ट. टिपूने ऑर्गन मागवला नाही, आपल्या मनातल्या चित्रात तो बसवून घेतला. फरक एवढाच आहे, पण मोठा आहे.

पहिले घर : श्रीरंगपट्टण

वाघ हे टिपूचे चिन्ह होते. त्याच्या सिंहासनावर वाघ होता, तलवारीच्या मुठीवर वाघ होता, तोफांवर वाघ होता, सैनिकांच्या पोशाखावरही वाघाच्या अंगावरचे पट्टे होते. तेव्हा लाकडी वाघ कोणाच्या छातीवर बसला आहे आणि कोण बसवतो आहे, हे समजायला त्या काळी कोणाला भाष्याची गरज नव्हती.

मग हे यंत्र केले कोणी? टिपूचे वकील १७८८ साली पॅरिसला सोळाव्या लुईच्या दरबारी गेले होते. लष्करी मदत त्यांना मिळाली नाही, पण टिपूला हवे असलेले काही कारागीर मिळाले. ऑर्गनच्या आतले काम अशाच कोणा फ्रेंच कारागिराचे, किंवा त्यांच्याकडून शिकलेल्या इथल्या माणसाचे असावे, असे बऱ्याच अभ्यासकांचे म्हणणे आहे. कल्पनेविषयीही एक कथा सांगतात. जनरल हेक्टर मन्रो हा दुसऱ्या म्हैसूर युद्धात हैदरविरुद्ध लढलेला सेनापती. त्याचा तरुण मुलगा डिसेंबर १७९२ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या सागर बेटावर शिकारीला गेला असता वाघाच्या तोंडी सापडून मेला. ही बातमी इंग्लंडपर्यंत गाजली. तीवरून टिपूला ही कल्पना सुचली, असे मानून वस्तूचा काळ १७९३ च्या आसपास धरतात.

१७९२ च्या मार्चमध्ये टिपूवर काय ओढवले होते, हे विसरून चालत नाही. इंग्रज, निजाम आणि मराठे अशा तिघांच्या फौजा श्रीरंगपट्टणाला भिडल्या होत्या. आपल्या बाजूने हरिपंत फडके होते. तहात टिपूचे जवळजवळ अर्धे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांची खंडणी बसली आणि दोन लहान मुलगे कॉर्नवॉलिसकडे ओलीस द्यावे लागले. वाघ घडवून घेणारा हा राजा मुलांना ओलीस देऊन बसलेला बाप होता. दिवाणखान्यात कोणी दांडा फिरवत असेल तेव्हा तो ते ऐकून नुसता हसत असेल, असे मला वाटत नाही.

४ मे १७९९ रोजी किल्ला पडला. रात्रभर शहर लुटले गेले. दुसऱ्या दिवशी कर्नल आर्थर वेलस्लीने काही लुटारूंना फासावर चढवले तेव्हा लूट थांबली आणि रीतसर वाटप सुरू झाले. वाटपासाठी टिपूचे सिंहासन फोडून त्याचे तुकडे केले गेले. त्यातले वाघाचे मोठे डोके आणि वरचा हुमा पक्षी आज इंग्लंडच्या राजघराण्याकडे विंडसरला आहेत. लाकडी वाघ वाद्यांच्या दालनात सापडला. त्यात सोने नव्हते, म्हणून तो फुटला नाही.

याच कर्नल वेलस्लीने चार वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. श्रीरंगपट्टणाची बातमी ऐकून पुण्यात ज्यांना बरे वाटले असेल, त्यांना फार काळ बरे वाटले नाही.

दुसरे घर : कंपनीची कचेरी

गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉर्निंग्टन हा आर्थरचा थोरला भाऊ. त्याने वाघाविषयी टिपण लिहिले. टिपूच्या उद्दामपणाचा आणि क्रौर्याचा हा पुरावा लंडनच्या टॉवरमध्ये ठेवावा, अशी त्याची सूचना होती. कंपनीने वस्तू राजाला दिली नाही, स्वतःकडेच ठेवली. १८०८ च्या जुलैपासून ती लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये, ग्रंथालयाशेजारच्या संग्रहात लोकांना पाहायला मिळू लागली.

तिथला ग्रंथपाल कोण, तर चार्ल्स विल्किन्स. भगवद्गीतेचे पहिले इंग्रजी भाषांतर १७८५ साली ज्याने प्रसिद्ध केले, तोच. गीतेच्या भाषांतरकाराच्या खोलीशेजारी टिपूचा वाघ गुरगुरत होता, ही त्या काळाची एक खूण म्हणून ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जी कंपनी ग्रंथ गोळा करत होती, तीच किल्लेही घेत होती, आणि दोन्हींचा माल एकाच इमारतीत उतरत होता.

वाघ लंडनमध्ये अतोनात लोकप्रिय झाला. येणारा जाणारा दांडा फिरवून पाही. कवी कीट्सने आपल्या एका अपुऱ्या राहिलेल्या उपहासकाव्यात या माणूस-वाघ ऑर्गनचा उल्लेख केला आहे. मन्रोच्या मुलाच्या मृत्यूचे चिनी मातीचे पुतळे स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी काढले आणि ते घरोघरी शोभेला गेले. श्रीरंगपट्टणाच्या विजयाचे जे पदक कंपनीने काढले, त्यावर ब्रिटिश सिंह वाघाला खाली पाडतो आहे असे चित्र आहे. टिपूने लाकडात केलेल्या विधानाला धातूत दिलेले ते उत्तर होते.

ग्रंथालयात वाचत बसणाऱ्या विद्वानांना मात्र हे कण्हणे-गुरगुरणे नकोसे झाले. १८६९ साली 'अथेनियम' या साप्ताहिकाने जुन्या दिवसांची आठवण काढताना या आवाजाने वाचकांचा कसा छळ होई ते लिहिले, आणि नशिबाने आता त्याचा दांडा नाहीसा झाला आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले. ज्या आवाजाने शत्रूला हिणवायचे, तो आवाज अखेर त्रास म्हणून बंद पडला.

तिसरे, चौथे आणि पाचवे घर

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचा कारभार गेला आणि तिची इमारतही काही वर्षांत पाडली गेली. वाघ व्हाइटहॉलमधल्या फाइफ हाउस नावाच्या वाड्यात गेला. हे तिसरे घर. तिथून १८६८ च्या सुमारास इंडिया ऑफिसच्या नव्या इमारतीत, हे चौथे. सरकारी कचेरीत संग्रहाला जागा पुरेना, म्हणून १८७० च्या दशकाच्या मध्यात तो साउथ केन्सिंग्टनला आला. १८७९ साली इंडिया म्युझियम मोडले, त्यातल्या वस्तू वाटल्या गेल्या आणि वाघ साउथ केन्सिंग्टन म्युझियमच्या वाट्याला आला. १८९९ मध्ये याच संग्रहालयाचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट झाले. तेच पाचवे घर.

या घरात त्याच्यावर सगळ्यात मोठा घाला पडला. दुसऱ्या महायुद्धात बाँबमुळे छत खाली आले आणि वाघाचे शेकडो तुकडे झाले. ते वेचून, जुळवून, चिकटवून त्याला पुन्हा उभे केले गेले आणि १९४७ मध्ये तो पुन्हा लोकांसमोर आला. आपल्याला १९४७ ज्या कारणाने आठवते, त्याच वर्षी. १९५५ साली तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये काही महिने पाहुणा म्हणूनही जाऊन आला. मिल्ड्रेड आर्चर यांनी १९५९ मध्ये त्याच्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

या सगळ्या प्रवासात ऑर्गनची दुरुस्ती अनेकदा झाली. नळ्या, भाते, जोडकाम यांना इंग्लंडमधल्या ऑर्गन बनवणाऱ्यांचे हात लागत गेले. परिणाम असा की लाकडी वाघ बराचसा टिपूचा आहे, पण त्याच्या पोटातला सूर तोच राहिला आहे असे म्हणता येत नाही. युद्धात माणसे मरतात, राज्ये जातात, हे आपण शिकलो. एखाद्या राजवाड्यातल्या वाद्याचा सूरही जातो, आणि तो कुठल्याही तहाच्या कलमांत लिहिलेला नसतो.

लंडनला मुलीकडे गेलो असताना मी हा वाघ पाहिला. काचेच्या पेटीत आहे. वाजवत नाहीत, आणि त्याची नाजूक अवस्था पाहता ते योग्यच आहे. आजूबाजूला शाळेची मुले होती. ती खाली पडलेल्या माणसाकडे बोट दाखवून हसत होती. कुशीतली बटणे त्यांच्यापैकी कोणी पाहिली नाहीत. मी मात्र बराच वेळ तीच पाहत होतो. बोटांनी झिजायला हवी होती अशी ती बटणे, आणि त्यांच्यापर्यंत आता कोणाचे बोट पोचत नाही.

परत आणायचा का?

याच संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये वाघनखे साताऱ्याला आली. तीन वर्षांच्या कराराने, उसनी. आपल्यापैकी काहीजण ती पाहायला रांगेत उभे होते, हे आपल्या व्हॉट्सअॅप गटावर सगळ्यांनी पाहिले. ती नखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली. ती अफझलखानाच्या वेळचीच का, हे पडताळता येत नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. तरी लोक गेले, कारण आपले काहीतरी आपल्या मातीत आले आहे, ही भावना खोटी नव्हती.

मग टिपूच्या वाघाविषयी आपल्याला काय वाटायला हवे? इथे आपल्या गटात दोन तट पडतील, हे मला ठाऊक आहे. टिपूचे नाव काढले की कूर्ग, मलबार आणि मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांचा बंदिवास आठवतो. त्या ख्रिस्ती लोकांत गोव्याहून गेलेल्या कोकणी घराण्यांचे वंशज होते. ते सगळे खरे आहे, आणि कोणी झाकू नये. पण १७९१ च्या स्वारीत परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि त्याच्या पुनःप्रतिष्ठेसाठी टिपूने मदत पाठवली, हेही तितकेच खरे आहे. स्वामींना लिहिलेली त्याची पत्रे १९१६ साली मठात सापडली. 'लूट' हा शब्द इंग्रजीत हिंदुस्थानातूनच गेला. तो आपल्याकडे होता म्हणून त्यांना मिळाला.

माझे मत सांगतो. वस्तू परत मागताना आपण तिच्या मालकाचे गुणगान करायलाच हवे, असे नाही. ती लुटून नेली, ती ज्या मातीतली आहे तिथल्या लोकांना ती पाहायला मिळायला हवी, एवढे कारण पुरे आहे. वाघनखे तीन वर्षांसाठी येऊ शकतात, वाघ न्यूयॉर्कला जाऊ शकतो, तर तो एकदा कर्नाटकात का येऊ नये? श्रीरंगपट्टणच्या मुलांनी तो काचेतून पाहावा, आणि शेजारी त्याची बारकाईने केलेली वाजती प्रतिकृती असावी. भारतात आज पेट्या करणारे आणि सुरात लावणारे कारागीर आहेत. पाइप ऑर्गन त्यांना नवा असेल, पण भाता, झडप आणि हवा या गोष्टी त्यांच्या रोजच्या आहेत. अठरा सुरांचा एक छोटा ऑर्गन त्यांच्या आवाक्याबाहेरचा नाही.

तोवर एवढेच करता येईल. ज्यांची मुले-नातवंडे लंडनला आहेत, त्यांनी साउथ केन्सिंग्टनच्या त्या संग्रहालयात एकदा जावे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, फक्त दालन उघडे आहे का ते आधी विचारून घ्यावे. नातवंडे वाघाचे दात पाहतील. त्यांना कुशीतली बटणेही दाखवा, आणि ती मोजायला सांगा. अठरा भरतील.